काम परक्या हाती, जबाबदारी आपल्या माथी

पेण तालुक्यातील हमरापूर, जोहे आणि आसपासच्या गावांतील कारखान्यांतून कच्च्या गणेशमूर्ती मुंबई-पुण्याकडे रवाना होतात, तेथे दुसरेच कारागीर त्यांना रंग देतात, डोळ्यांची आखणी करतात, आणि तरीही घरी मूर्ती आणणारा भाविक ती पेणची म्हणूनच आणतो. २०२३ साली पेणच्या मूर्तींना जे भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या मुळाशी हाच लौकिक आहे. एका वस्तूची घडण अनेक हातांत वाटून द्यावी, हा व्यवहार या मुलखाला अपरिचित नाही. मूर्तीवर फिरलेला अकुशल हात मात्र तत्काळ नजरेस पडतो. जिचा दोष नजरेस पडतच नाही आणि पडतो तेव्हा वेळ टळून गेलेली असते, अशी वस्तू परक्या कारखान्यात करून घ्यावयाची असेल, तर काय काय तजवीज करावी लागते, हे पाहावयाचे झाल्यास पेणहून रोह्याकडे वळले पाहिजे.

कुंडलिकेच्या काठची धाटाव औद्योगिक वसाहत, रायगड जिल्ह्यास कुलाबा म्हणत असत त्या काळापासून, रासायनिक उद्योगाचे स्थान आहे. पुण्याच्या सुदर्शन केमिकल्सचा रंगद्रव्यांचा कारखाना येथे आहे, दीपक नायट्राइटचाही आहे. रासायनिक कारखान्यांत रिअ‍ॅक्टरचा दाब, तापमान, द्रवाची पातळी यांची वार्ता नियंत्रण कक्षापर्यंत अखंड पोहोचविण्याचे काम ट्रान्समीटर नावाची छोटी उपकरणे करतात. उपकरणाच्या पेटीवर एखाद्या नामांकित कंपनीचे नाव असते. आतील सर्किट बोर्ड मात्र पुष्कळदा त्या कंपनीने स्वतः बनविलेला नसतो. तो मजुरीवर, म्हणजे व्यवहाराच्या भाषेत जॉबवर्कवर, दुसऱ्या कारखान्याकडून करून घेतलेला असतो.

असे का करावे लागते, याचे उत्तर यंत्रांच्या किमतीत आहे. कोऱ्या बोर्डावर जाळीच्या पत्र्यातून डाखाची लुगदी उमटवायची, तिच्यावर तांदळाच्या कणीहून लहान असे भाग यंत्राने वेगाने बसवायचे, आणि मग भट्टीतून नेऊन डाख वितळवायचा, अशी ही क्रिया आहे. कथील-शिशाचा जुना डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळे. शिसे वर्ज्य झाल्यावर जो डाख प्रचारात आला तो सुमारे २१७ अंशांना वितळतो, त्यामुळे भट्टीची आच अधिक काटेकोर राखावी लागते. नंतर कॅमेऱ्याने तपासणी होते. भागाच्या पोटाखाली दडलेले जोड क्ष-किरणांनी पाहावे लागतात. भ्रमणध्वनीच्या कारखान्याला लाखो बोर्ड लागतात. औद्योगिक उपकरणे बनविणाऱ्याला एका जातीचे काही शेकडाच लागतात, पण जाती अनेक. एवढ्यासाठी स्वतःची यंत्रसामग्री उभारली तर ती बहुतेक काळ निजून राहणार. म्हणून अनेकांचे काम घेणारा एक कारखाना सर्वांनाच परवडतो.

या व्यवहारातील खरी कसोटी समजून घेण्यासाठी १९१३ सालच्या एका दुर्घटनेकडे जावे लागते. वेल्समधील सेंघेनिड येथील कोळसा-खाणीत १४ ऑक्टोबरला स्फोट होऊन ४३९ खाणकामगार आणि बचावास गेलेला एक इसम मृत्यू पावला. इशाऱ्याच्या विजेच्या घंटेसाठी ज्या उघड्या तारा ओढलेल्या होत्या, त्यांतून उडालेली ठिणगी हे स्फोटाचे संभाव्य कारण मानले गेले. घंटेसारखे निरुपद्रवी साधन, आणि तेवढ्याने एक गावच्या गाव पोरके व्हावे! त्यानंतरच्या संशोधनातून एक विलक्षण कल्पना पुढे आली: ठिणगी कोंडून ठेवण्याऐवजी मंडलातील ऊर्जाच इतकी मर्यादित ठेवावी की तार तुटली तरी पडणाऱ्या ठिणगीला वायू पेटविण्याचे बळ उरू नये. हायड्रोजनला पेटण्यास सुमारे ०.०२ मिलिज्यूल ऊर्जा पुरते. ज्वालाग्राही वाफांच्या सान्निध्यात बसणारी अनेक उपकरणे याच हिशेबाने आखलेली असतात.

आता त्या बोर्डावरील एक रेझिस्टर घ्या. ऊर्जेला लगाम घालण्याचे काम त्याचे. आणि नियम असा की, बिघाडाच्या प्रसंगीदेखील त्याच्यावर त्याच्या क्षमतेच्या दोन-तृतीयांशांहून अधिक भार येता कामा नये. समजा, जॉबवर्क करणाऱ्या कारखान्यातील खरेदी खात्याला तो भाग मिळेना, आणि कोणी सद्हेतूने तितक्याच ओहमचा, पण कमी वॅटचा रेझिस्टर बसवून दिला. बोर्ड चालेल, चाचणीत उत्तीर्ण होईल, वर्षानुवर्षे तक्रार येणार नाही. आणि ज्या दिवशी बिघाड होईल नेमक्या त्याच दिवशी तो रेझिस्टर दगा देईल. म्हणूनच अशा उपकरणाचा दाखला नमुन्यापुरता नसतो; आराखडा, भागांची यादी, तारांमधील अंतरे, वरचा लेप, या सर्वांना तो बांधलेला असतो. आपल्याकडे ही मंजुरी देणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचे मुख्य दफ्तर नागपूरला आहे.

कोकणची हवा या कामात आणखी एक अडचण घालते. सुट्या भागांचे प्लास्टिक दमट हवेतील पाणी शोषते, आणि भट्टीत त्याची वाफ होऊन भाग आतून तडकतो. म्हणून ते भाग कोरड्या कपाटात ठेवावे लागतात, मुदत उलटल्यास शेकून घ्यावे लागतात. पुढे बोर्ड कारखान्यात बसल्यावर हवेतील गंधकयुक्त वायू तांब्या-चांदीला खातात. त्यावर पारदर्शक लेपाचा उपाय असतो. तो लेप किती जाडीचा द्यावा, हे करारात लिहून घेणारा ग्राहक मला शहाणा वाटतो.

कायद्याची भूमिकाही येथे स्वच्छ आहे. २०१७ सालच्या केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याचे १४३ वे कलम जॉबवर्कला पाठविलेला कच्चा माल करमुक्त जाऊ देते, वर्षाच्या आत परत मागते, आणि त्याचा हिशेब ठेवण्याची जबाबदारी माल पाठविणाऱ्या मूळ धन्यावर टाकते. त्याच वर्षीच्या वैद्यकीय उपकरण नियमांत लोन लायसन्सची तरतूद आहे: दुसऱ्या परवानाधारकाच्या जागेत उपकरण बनवून घेणाऱ्यालाही स्वतःचा परवाना काढावा लागतो. १९७३ साली अंधेरीत इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीसाठी सीप्झ उभे राहिले तेव्हा आकर्षण होते ते स्वस्त आणि कुशल हातांचे. आज असे काम देणारा गिऱ्हाईक मजुरीच्या दराइतकेच नोंदवहीला मोल देतो, आणि माझ्या मते त्याने ते अधिकच द्यावे. कोणत्या बोर्डावर कोणत्या रिळातील भाग बसला, त्या दिवशी भट्टीचे तापमान काय होते, तपासणी कोणी केली, हे सारे अनुक्रमांकावरून शोधता आले पाहिजे. रोह्यात एखादा ट्रान्समीटर चुकीचा दाब दाखवू लागला, तर त्याच खेपेतील इतर उपकरणे आणखी कोणकोणत्या कारखान्यांत बसली आहेत, हे त्याच दिवशी सांगता येणे, यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात.

आणि जुना भाग बाजारातून नाहीसा होण्याचा प्रसंग तर या धंद्यात वारंवार येतो, कारण रासायनिक कारखान्यातील उपकरण पंधरा-वीस वर्षे चालते आणि इलेक्ट्रॉनिक भागाचे आयुष्य त्याहून फार थोडे असते. तेव्हा जॉबवर्क करणाराने लेखी सूचना द्यावी, मूळ कंपनीच्या अभियंत्याने नवा भाग हिशेबाने पारखावा, जरूर तेथे पुन्हा चाचणी घेऊन सुधारित दाखला मिळवावा, असा क्रम आहे. यात कित्येक महिने जातात, गिऱ्हाइकाची मागणी खोळंबते, आणि तोवर तो बोर्ड तयार होत नाही.