‘तुंबाडचे खोत’ कुठे लावायचे?

टेबलावरचा ढीग दुपारपर्यंत संपणार नाही, हे दोघांनाही दिसतं आहे. एका निवृत्त शिक्षकांच्या घरून ही पुस्तकं भेट आली आहेत. बाहेर श्रावणातली सर येते, थांबते, पुन्हा येते. कोकणातल्या खेडच्या बाजारपेठेत रिक्षा चिखल उडवत जातात. आत डांबरगोळ्यांचा वास भरून राहिला आहे. ग्रंथपालबाई एकेक पुस्तक उचलतात, झटकतात, शिवणीपाशी बोट फिरवून कसर लागली आहे का ते बघतात आणि मगच पुढे सरकवतात.

पुढे मदतनीस मुलगा शिक्का घेऊन बसला आहे. एक शिक्का नावाच्या पानावर, दुसरा आत ठरलेल्या एका पानावर. हे गुप्त पान. मुखपृष्ठ गेलं, पहिली पानं गळली, तरी पुस्तक कुणाचं ते या पानावरून कळतं. मग दाखल रजिस्टरात ओळ भरायची: तारीख, लेखक, नाव, प्रकाशक, पानं, किंमत, आणि ‘भेट’. एवढं झालं की पुस्तक वाचनालयाचं झालं. पण ते सापडायचं तर अजून निम्मं काम बाकी आहे, आणि मी ते बघायलाच इथे बसलो आहे.

मुलगा ‘सत्तांतर’ हातात घेतो आणि राजकारणाच्या गठ्ठ्याकडे वळतो.

“उघडून बघितलंस का?” बाई विचारतात.

तो उघडतो, दोन-तीन पानं चाळतो. “मॅडम, यात तर वानरं आहेत.”

व्यंकटेश माडगूळकरांची 1982 ची ही छोटी कादंबरी वानरांच्या टोळ्यांमधल्या सत्तेच्या झगड्याची आहे. नावावर विसंबून ती राजकारणात गेली असती, तर तिथे तिचा वाचक कधीच पोहोचला नसता. बाई त्याला रागावत नाहीत. आधी अनुक्रमणिका, मग प्रस्तावना, मग मलपृष्ठ, आणि तरीही उलगडा झाला नाही तर मधली चार पानं वाचायची, असं सांगतात. वर्गांक पेन्सिलीनेच लिहायचा, कारण उद्या मत बदलू शकतं.

त्यांच्या हाताशी ड्यूईच्या दशांश वर्गीकरणाचा जुना खंड आहे. मेल्विल ड्यूईने 1876 मध्ये अमेरिकेत ही पद्धत छापली: सगळं ज्ञान दहा वर्गांत, प्रत्येक वर्गाचे पुन्हा दहा, आणि पुढे दशांश चिन्हानंतर हवं तितकं खोल. 8 म्हणजे साहित्य. त्यात चालत चालत 891.46 पर्यंत गेलं की मराठी साहित्य येतं, कवितेला 891.461, नाटकाला 891.462, कथा-कादंबरीला 891.463. अमेरिकेतल्या एखाद्या ग्रंथालयात या क्रमांकाखाली चार-दोन पुस्तकं असतील. इथे भिंतीला लागलेली कपाटंच्या कपाटं त्याच एका क्रमांकाची आहेत. सगळ्यांच्या पाठीवर तेच आकडे चिकटवले तर शोधणाऱ्याला त्यांचा उपयोग काय? म्हणून इथे कण्यावरच्या चिठ्ठीवर ‘कादं’, ‘ना’, ‘च’, ‘प्र’ अशी अक्षरं आहेत, त्यांच्याखाली लेखकाच्या आडनावाची सुरुवात, आणि त्याखाली दाखल नंबर. ही पद्धतीशी फारकत नव्हे. आपल्या भाषेच्या साहित्याला जवळचा, सुटसुटीत क्रमांक देण्याची मुभा ड्यूईच्या पद्धतीतच ठेवलेली आहे.

धर्माच्या वर्गात मात्र बाईंना जास्त हात चालवावा लागतो. 200 च्या वर्गात 220 पासून 280 पर्यंतची सगळी जागा बायबल आणि ख्रिस्ती धर्माची. बाकी जगाचे धर्म 290 मध्ये दाटीवाटीने बसवलेले. हिंदू 294.5, बौद्ध 294.3, इस्लाम 297. या तालुक्यात वारकरी आहेत, बौद्धवाड्या आहेत, कोकणी मुसलमानांची जुनी गावं आहेत. तिघांचेही वाचक या दारातून येतात आणि तिघांच्याही पुस्तकांना ऐसपैस जागा लागते. ढिगातून तुकारामांचा गाथा निघतो. कविता म्हणून साहित्यात, की धर्मात? बाईंनी दोन्ही टाळून ‘संतसाहित्य’ असं वेगळं कपाट केलं आहे. मला ते मनापासून पटतं. गाथा मागायला येणारा माणूस कवितेच्या कपाटाकडे जात नाही आणि धर्मशास्त्राच्याही नाही.

सर थांबते तसे एक काका आत येतात. छत्री दाराशी उलटी ठेवतात.

“बाई, आंब्याचं काय आहे का? मोहोरावर तुडतुडा पडतो त्याचं.”

“शेतीचं, की आंब्याचंच?”

“आंब्याचंच बघा.”

बाई जागेवरून उठत नाहीत. मुलाला कपाट आणि कप्पा सांगतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची दोन पुस्तकं आणि एक पातळ पुस्तिका येते. कीड म्हटलं की ती 632 मध्ये, रोग-किडींच्या वर्गात, शोधावी असं कुणालाही वाटेल. पण नियम असा की एकाच पिकावरच्या किडीचं पुस्तक त्या पिकापाशी ठेवायचं: भाताचं 633.18 पाशी, आंब्याचं आंब्यापाशी. बागायतदाराची विचार करण्याची रीतही तीच. त्याला कीटकशास्त्र नको असतं, त्याला त्याची कलमं वाचवायची असतात. काका पुस्तिका उभ्याउभ्याच चाळतात, चित्रावर बोट ठेवून मान हलवतात आणि तिन्ही घेतात.

आंबा, त्यावरची कीड, तिचा बंदोबस्त, कोकण. एका पुस्तकाचे हे चार पैलू. ड्यूईच्या आखलेल्या चौकटींत असे विषय बसवताना ओढाताण होते, हे मद्रासचे गणिताचे प्राध्यापक शियाळी रामामृत रंगनाथन यांना 1924 मध्ये लंडनला ग्रंथालयशास्त्र शिकताना जाणवलं. तिथल्या एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला. त्याच त्या पट्ट्या आणि स्क्रू, पण जोडणी बदलली की नवी वस्तू. त्यातून त्यांना सुचलं की विषयही असेच सुट्या भागांतून जोडता येतील. 1933 मध्ये त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली. खेडच्या कपाटांवर तिचे क्रमांक नाहीत, छोट्या वाचनालयाला ते झेपणारही नाहीत. पण काकांच्या प्रश्नाचे तुकडे करून उत्तर देताना बाई जे करतात, ते रंगनाथनांचंच आहे.

कपाटांकडे नीट पाहिलं की एक गोष्ट खटकते. सगळ्यात खालचा कप्पा सगळीकडे रिकामा आहे, आणि त्यामुळे क्रम मधेच तुटून पुढच्या कपाटात गेला आहे. 22 जुलै 2021 ला जगबुडी नदीचं पाणी खेडच्या बाजारपेठेत शिरलं. त्याच दिवसांत चिपळूणमध्ये, 1864 पासून चालत आलेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची हजारो पुस्तकं पुरात गेली. तेव्हापासून खालचा कप्पा भरायचा नाही असं इथे ठरलं आहे. जगातल्या कुठल्याही वर्गीकरणाच्या पुस्तकात हा नियम नसेल. कोकणात तो असायलाच हवा.

आता बाईंच्या हातात दोन जाडजूड खंड आहेत: श्री. ना. पेंडसे यांचं ‘तुंबाडचे खोत’, 1987 चं. मुलगा सवयीने ‘कादं’ लिहितो, ‘पें’ लिहितो. बरोबरच आहे, कादंबरीच आहे ती. पण तुंबाड याच तालुक्यात, याच जगबुडीच्या काठी. कोकणातल्या खोतीचा, तिच्या भरभराटीचा आणि पडझडीचा एवढा मोठा पट कुठल्या इतिहासाच्या पुस्तकात एकत्र मिळतो? पेंडसे मूळचे शेजारच्या दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. त्यांना ही माती आतून माहीत होती. खोतीविषयी वाचायला आलेल्या माणसाला हे दोन खंड दिसलेच पाहिजेत.

पुस्तक एकाच जागी उभं राहू शकतं. कार्डाला ते बंधन नाही. बाई ड्रॉवर ओढतात. साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरची कार्डं, खालच्या भोकातून गेलेली पितळी सळई. सळई सोडवून त्या तीन कोरी कार्डं घेतात. पहिलं लेखकाचं, दुसरं ग्रंथनामाचं. तिसऱ्याच्या माथ्यावर लाल शाईने: खोती. जरा थांबून चौथं घेतात आणि त्यावर लाल शाईने लिहितात: खेड तालुका — कादंबऱ्या.

हा ‘खेड तालुका’चा ड्रॉवर मी मागून घेतो आणि मांडीवर ठेवून बघत बसतो. 1880 च्या गॅझेटिअरच्या रत्नागिरी-सावंतवाडी खंडाचं कार्ड, 1962 च्या नव्या आवृत्तीचं कार्ड. दोन्हींवर खेडची पानं नोंदलेली. रसाळगड, सुमारगड, महिपतगड यांची वेगवेगळी कार्डं, जी दुर्गभ्रमणाच्या चार पुस्तकांतल्या नेमक्या प्रकरणांकडे पाठवतात. गावातल्या बौद्ध लेण्यांचं एक. ही पुस्तकं कपाटांत इतिहास, प्रवास, धर्म, साहित्य अशी पांगलेली आहेत. एकत्र येतात ती फक्त या ड्रॉवरमध्ये. वाचनालयात याहून मोलाची वस्तू मला दिसत नाही. कादंबऱ्या पुन्हा विकत घेता येतील. ही कार्डं कुठल्याही प्रकाशकाच्या यादीत मिळणार नाहीत.

कोपऱ्यात संगणक आहे. त्यात पुस्तकाचं नाव टाकलं तर पुस्तक सापडतं, लेखक टाकला तरी सापडतं. विषय टाकला तर मात्र सापडतं ते तेवढंच, जेवढं कुणीतरी बसून त्या रकान्यात भरलेलं असतं. ज्याने कार्डावर ‘खोती’ लिहिण्याचा विचार केला नाही, त्याच्या संगणकालाही खोती ठाऊक नसते. बाईंचा आग्रह आहे की ड्रॉवरमधला शब्द न् शब्द तिथे चढल्याशिवाय कार्डं हलवायची नाहीत.

कॉलेजची एक मुलगी मघापासून ताटकळली आहे. तिचा प्रकल्प आहे: खेडमधले पूर.

“पुरावरचं पुस्तक आहे का, ताई?”

“नुसतं पुरावरचं नाही ग. थांब.”

गॅझेटिअरची पानं निघतात. मग बाई आतल्या कपाटातून एक जाड फाइल आणतात. 2021 च्या पुराची वर्तमानपत्रांतली कात्रणं, ओल लागून कडांना पिवळी पडलेली. फाइलला नंबर नाही, कार्ड नाही. आजवर कुणी मागितलीच नव्हती. मुलगी तिथेच बाकावर बसून कात्रणं लावायला घेते, तारखेप्रमाणे.

बाई एक कोरं कार्ड ओढतात. लाल शाईने लिहितात: जगबुडी नदी — पूर. खाली फाइलची जागा. दुसऱ्या कार्डावर नुसतं ‘पूर’ लिहून त्यापुढे ‘पहा: जगबुडी नदी’. लोक दोन्ही नावांनी विचारत येतील, म्हणून दोन्ही हवीत.

मुलगी मान वर करते. “ताई, आमच्या आजोबांनी एका वहीत लिहून ठेवलंय, कुठल्या साली पाणी कुठवर आलं ते. ते चालेल का?”

“चालेल का म्हणजे? उद्याच घेऊन ये. वही तुझ्याकडेच ठेव, आपण झेरॉक्स काढू. त्याला दाखल नंबर देऊ, आणि कार्डावर लेखक म्हणून आजोबांचं नाव घालू.”