पोर घरी आलं, आता खरं काम

आम्ही दोघी जावा, भिंगारच्या. आमच्यातली एक लेकीची आई, दुसरी काकू. आमच्या लेकीला थॅलेसेमिया. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागायचं. पाचव्या वर्षी मुंबईला तिचं बोनमॅरो ट्रान्सप्लांट झालं. आज दवाखान्याचं कमी आणि घराचं जास्त बोलणार आहोत. दवाखान्यात सांगायला माणसं असतात, घरी आपणच असतो.

आधी एक गैरसमज. आम्हाला गल्लीत विचारायचे, "टाके किती पडले?" टाके नसतात. लेकीच्या दादाला भूल देऊन त्याच्या कमरेच्या हाडातून मज्जा काढली आणि रक्ताची पिशवी लावतात तशी तिला नळीतून दिली. त्या दिवसाला म्हणतात शून्य दिवस. त्याआधी औषधं देऊन तिची जुनी मज्जा संपवलेली असते. त्यामुळे नवी रुजेपर्यंत दोन-तीन आठवडे लेकराकडे जंतूंशी लढायला जवळजवळ काहीच नसतं. तोंड असं येतं की थुंकीही गिळवत नाही. मग एके दिवशी पांढऱ्या पेशी वर येऊ लागतात. दोघांचा रक्तगट वेगळा असेल तर पुढे लेकराचा रक्तगटही बदलून देणाऱ्याचा होतो. आमच्या लेकीचा झाला.

हे काही कालपरवाचं शास्त्र नाही बरं का. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात डॉ. सुरेश अडवाणींनी १९८३ साली नऊ वर्षांच्या एका मुलीवर हे उपचार केले होते.

पहिले शंभर दिवस दवाखान्याजवळ खोली घेऊन राहिलो. नंतर भिंगारला आलो आणि गल्ली लोटली. कुणी ओवाळायला, कुणी नारळ घेऊन. आम्ही दोघी दारात आडव्या उभ्या. शेजारच्या आत्याबाई रुसल्याच. "पोर तर चांगली दिसतेय, मग आम्ही काय विटाळ आहोत का?" काय सांगावं कळेना. मग म्हटलं, "आत्याबाई, बाळंतिणीच्या खोलीत तुम्ही बाहेरून आल्या आल्या जाता का? ही पाच वर्षांची दिसते, पण तिचं रक्त चार महिन्यांचं आहे. लहानपणी टोचलेल्या लसींचा असरही गेलाय." हे त्यांना पटलं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या ओट्यावर बसून त्याच लोकांना परत पाठवू लागल्या!

घरात काय बदललं? झाडू बंद, ओल्या फडक्यानं पुसणं, तेही लेक दुसऱ्या खोलीत असताना. कुंड्या तिच्या खिडकीतून हलवल्या, कारण मातीत बुरशी असते. शेजारी बांधकाम निघालं तेव्हा त्या बाजूच्या खिडक्या बंदच ठेवल्या. पाणी उकळून. जेवण ताजं, गरम. कच्ची कोशिंबीर नाही, बाहेरचं नाही. पपनसही नाही, कारण त्यानं सायक्लोस्पोरिन हे औषध रक्तात वाढतं. गुळवेलीचा काढा, अंगारा, मध घेऊन लोक येतात. मन न दुखवता घ्यावं आणि बाजूला ठेवावं.

सायक्लोस्पोरिन दर बारा तासांनी, घड्याळ लावून. वास असा की लेक तोंड फिरवायची. "गोड आहे" असं एकदा खोटं सांगितलं आणि आठवडाभर तिचा विश्वास गेला. मग खरं सांगायला लागलो: "घाण लागतं, पण घ्यायचंच. कुठल्या वाटीतून ते तू ठरव." रक्तात या औषधाचं प्रमाण तपासायचं असेल त्या सकाळचा डोस रक्त दिल्यावरच द्यायचा, हे विसरू नका. आमची एक खेप यातच वाया गेली.

आता तापाचं, नीट ऐका. एका रात्री दोन वाजता ताप १००.४ भरला. हातात पॅरासिटामॉलची बाटली होती. दिली असती तर ताप उतरला असता, आणि आत जंतू वाढत राहिले असते. नळी अजून छातीत होती, जंतू तिथूनच गेले होते. आम्ही औषध न देता फोन केला आणि कागद घेऊन तसेच निघालो. अकरा दिवस दवाखान्यात काढले. सकाळपर्यंत थांबलो असतो तर, हा विचार अजून आम्ही एकमेकींजवळ बोलत नाही.

तळहात-तळपाय लाल झाले, जुलाब लागले, डोळे पिवळे दिसले, तर ती "उष्णता" समजू नका. दादाच्या पेशींना बहिणीचं शरीर परकं वाटू शकतं, त्याची ती खूण असते. त्याच दिवशी कळवायचं. घरात किंवा शेजारी कांजिण्या निघाल्या तरी तसंच. पोलिओ रविवारीही सांभाळा. घरातल्या दुसऱ्या लहानग्याला तोंडाचा डोस द्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा. त्या थेंबांतला जिवंत विषाणू शीतून बाहेर पडतो. काकूच्या धाकट्याला म्हणून इंजेक्शनच दिलं.

आणि दादा. त्याला आम्ही विसरलो होतो, कबूल करतो. बहिणीला जुलाब लागले तेव्हा त्या नऊ वर्षांच्या पोरानं जेवण सोडलं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "माझंच रक्त खराब होतं ना?" त्याला जवळ घेऊन समजावायला अख्खी दुपार गेली. सख्ख्या भावंडाशी मज्जा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. जुळली तर त्यात त्या पोराचं कर्तृत्व नाही, आणि पुढे त्रास झाला तर त्याचा दोषही नाही. हे मज्जा काढायच्या आधीच सांगायला हवं होतं.

पैशांचं थोडक्यात. सख्ख्या भावंडाशी जुळणी असेल तर कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून ठरावीक दवाखान्यांत दहा लाखांपर्यंत मदत मिळते. मुंबई महापालिकेचं बोरिवलीला याच कामाचं केंद्र आहे. दवाखान्यातल्या समाजसेविकेला पहिल्याच दिवशी गाठा.

आता नळी निघाली, केस आलेत, पहिल्यापेक्षा कुरळे. पुढच्या महिन्यापासून लसी परत पहिल्यापासून. गोवरची मात्र दोन वर्षं झाल्यावर, तीही डॉक्टर म्हणतील तेव्हाच. लेकीनं अट घातलीय, सुई टोचताना दादा शेजारी पाहिजे.