कृष्णधवल फोटोत हरवणारा सूर्य

भिलाईजवळच्या हथखोजच्या औद्योगिक वसाहतीत ऐन थंडीत पहिल्या पाळीला निघालं, की धुकं आणि चिमण्यांच्या धुरातून वर येणारा सूर्य नारिंगी टिकलीएवढा दिसतो. धुक्याचे थेंब मोठे. ते सगळेच रंग सारखे विखुरतात, म्हणून आसमंत करडा. धुरातले बारीक कण आणि क्षितिजालगतची हवेची लांबलचक वाट मात्र निळा प्रकाश जास्त विखुरतात. आपल्यापर्यंत पोचतो तो नारिंगी.

क्लोद मोनेने फ्रान्समधल्या ल हाव्र बंदरात हेच रसायन रंगवलं. समुद्र, होड्या, मागे क्रेन आणि धुराडी. ‘इम्प्रेशन, सूर्योदय’ हे जेमतेम 48 बाय 63 सेंटिमीटरचं चित्र आज पॅरिसच्या मार्मोत्ताँ मोने संग्रहालयात आहे. 1874 च्या प्रदर्शनात लुई लरुआ या समीक्षकाने त्याची टर उडवली आणि त्याच टवाळीतून ‘इम्प्रेशनिस्ट’ हे नाव रूढ झालं.

या चित्राचा फोटो मोबाइलवर उघडा आणि कृष्णधवल करा. सूर्य जवळजवळ गायब! मोनेने सूर्याला भोवतालच्या आकाशाइतकाच उजळ ठेवलाय. फरक फक्त रंगाचा. हार्वर्डच्या मार्गारेट लिव्हिंगस्टोन यांनी त्याचं कारण मेंदूत दाखवलं. वस्तू कुठे आहे, हलते का, हे ठरवणाऱ्या मेंदूच्या भागाला रंग जवळपास कळतच नाहीत, त्याला फक्त उजेडातला फरक कळतो. त्याच्या लेखी हा सूर्य नाहीच. रंग ओळखणाऱ्या भागाला मात्र तो ठसठशीत दिसतो. या ओढाताणीत सूर्य एका जागी ठरत नाही, थरथरल्यासारखा वाटतो. अफलातून लबाडी!

उजेडात लबाडी, पण जागेत नाही. टेक्सास स्टेट युनिव्हर्सिटीचे खगोलशास्त्रज्ञ डोनाल्ड ओल्सन यांनी जुने नकाशे आणि छायाचित्रं पाहून मोनेची हॉटेलची खिडकी निश्चित केली. तिथून सूर्य आग्नेयेला, चित्रातल्या उंचीवर, नोव्हेंबरच्या मध्यात किंवा जानेवारीच्या अखेरीस दिसतो. चित्रात मोठी जहाजंही आहेत, आणि ती बंदराच्या उथळ भागातून भरतीच्या आगेमागेच जाऊ शकत. काही तारखा तिथेच बाद झाल्या. हवामानाच्या नोंदींनी आणखी गाळल्या. धुराचा कल सांगतो वारा पूर्वेचा, आणि सहीशेजारी मोनेने ‘72’ लिहिलंय. ओल्सन यांच्या मते सगळ्यांत जुळणारी वेळ: 13 नोव्हेंबर 1872, सकाळी सुमारे 7 वाजून 35 मिनिटं.