आमूर ससाण्याची शिदोरी

नोव्हेंबरात लोणावळ्याच्या पठारावर आमूर ससाणे उतरल्याचे वृत्त वाचून एका वाचकांनी पृच्छा केली आहे की, जेमतेम दीडशे ग्रॅम वजनाचा हा पक्षी अरबी समुद्र अन्नपाण्यावाचून ओलांडतो तरी कसा. या प्रश्नाचे निम्मे उत्तर समुद्रावर नसून नागालँडच्या वोखा जिल्ह्यात, दोयांग धरणाच्या काठी आहे.

सैबेरियाचा आग्नेय भाग, मंगोलिया व ईशान्य चीन या मुलखांत वीण आटोपून आफ्रिकेच्या दक्षिण भागाकडे निघालेले हे ससाणे ऑक्टोबरात तेथे लाखोंच्या संख्येने मुक्कामास येतात आणि जमिनीतून उसळणाऱ्या पंखधारी वाळवीवर यथेच्छ ताव मारून पुढील प्रवासाची शिदोरी चरबीच्या रूपाने अंगावर बांधून घेतात. 2013 च्या नोव्हेंबरात भारतीय वन्यजीव संस्थेच्या सहभागाने ज्या तीन ससाण्यांच्या पाठीवर सुमारे पाच ग्रॅमचे उपग्रह-यंत्र बसवले गेले, त्यांपैकी ‘पांगती’ने साडेपाच हजारांहून अधिक किलोमीटर अंतर साडेपाच दिवसांत विश्रांतीवाचून कापले. वृत्तपत्रांनी या पराक्रमाचे पोवाडे गायिले, परंतु त्या हंगामात पाठीशी असणाऱ्या अनुकूल वाऱ्यांचा उल्लेख फारसा कोणी केला नाही, आणि चार्ल्स अँडरसन यांचा तर त्याहून कमी.

अँडरसन हे मालदीवात राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ. ज्या प्रवाळबेटांवर गोड्या पाण्याची डबकी जवळजवळ नाहीत, आणि म्हणून चतुरांची वीण होणेही दुरापास्त, तेथे दर ऑक्टोबरात लक्षावधी चतुर येतात कोठून, या साध्या कुतूहलापायी त्यांनी वर्षानुवर्षे तारखांची टिपणे ठेवली आणि 2009 साली असे अनुमान मांडले की, हे चतुर भारतातून निघून उंचावरील वाऱ्याच्या आधाराने आफ्रिका गाठतात. आमूर ससाण्यांसारखे कीटकभक्षी पक्षी नेमके त्याच सुमारास तोच समुद्र ओलांडतात, तेव्हा वाटेतला घास त्यांना या चतुरांतच मिळत असावा. समुद्रावरील काळोखात तो घास घेताना ससाण्याला कोणी पाहिलेले नाही, म्हणून हे अनुमान अनुमानच राहते; तरीही उपग्रहावाचून, केवळ टिपणवहीच्या बळावर एवढी मजल मारणाऱ्या या गृहस्थांविषयी प्रस्तुत लेखकाला वाटणारा आदर लपवण्याचे कारण नाही.

मात्र शिदोरी बांधण्याच्या जागीच घात झाला, तर वारा आणि चतुर काय करणार? दोयांगच्या धरणाखाली जमिनी गेल्यानंतर मासेमारीकडे वळलेल्या लोथा नागा ग्रामस्थांनी मासळीचीच जाळी ससाण्यांच्या रातथाऱ्याच्या वाटेवर उभारली होती, आणि 2012 च्या हंगामात दिवसाला बारा ते चौदा हजार पक्षी मारले जात असल्याचा अंदाज प्रसिद्ध होताच सर्वत्र हाहाकार उडाला. निषेधाचे खलिते दूरच्या शहरांतून निघाले. निर्णय मात्र पांगती, आशा व सुंगरो या गावांनाच घ्यावा लागला. तेथील बहुतेक जमीन सरकारच्या दप्तरी नव्हे, तर गावाच्या व कुळांच्या ताब्यात असल्याने ग्रामपरिषदेच्या ठरावाला जे वजन आहे ते कोणत्याही सरकारी फर्मानाला येणे कठीण. ठराव झाले, चर्चमधून आवाहने झाली, आणि शाळकरी मुलांसाठी निसर्गमंडळे निघून, आजवर भाजलेल्या मांसाच्या रूपात परिचित असलेला पक्षी कोठून येतो व कोठे जातो, हे त्यांना नकाशावर दाखवले गेले. माझ्या मते या सर्व उद्योगात हे शिक्षण सर्वांत दूरदर्शी होते, कारण बापाच्या जाळ्याविषयी घरात प्रश्न विचारण्याचा अधिकार वनरक्षकापेक्षा मुलाला अधिक असतो.

2013 च्या हंगामात जाळी उतरली. पांगतीत ज्यांच्या जमिनीवर ससाणे रात्र काढतात त्या मालकांनी संघ स्थापून राखणीची जबाबदारी घेतली आणि काल पक्षी पकडणारे काही जण पाहुण्यांना पक्षी दाखवू लागले. तरीही हिशेब पुरा झालेला नाही: ससाण्यांचा मुक्काम काही आठवड्यांचा असतो, त्यामुळे त्यांना पाहायला येणाऱ्या पर्यटकांच्या पैशावर घर वर्षभर चालत नाही, आणि पुरस्कारांच्या समारंभांत जमिनी पाण्याखाली गेल्याची गोष्ट क्वचितच कोणी काढतो.