दीर्घिकांमधले नवे तारे कमी का झाले?

मी दिल्लीतून बोलतोय. इथल्या धुरकट, दिव्यांनी उजळलेल्या आकाशात आकाशगंगेचा पट्टा दिसत नाही. आकाशगंगा ही आपली दीर्घिका. अशा अब्जावधी दीर्घिका विश्वात आहेत. त्या जन्मतात कशा आणि पुढे मंदावतात का, ते आज पाहू.

विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं. सुरुवातीला सगळीकडे हायड्रोजन आणि हेलियम वायू पसरलेला होता. न दिसणारं कृष्णद्रव्य जिथे थोडं दाट होतं, तिथे त्याच्या गुरुत्वाकर्षणाने वायू ओढला गेला, निवला, आकसला आणि त्यातून तारे पेटले. अशा लहान दीर्घिका एकमेकींत मिसळून मोठ्या झाल्या.

तारे जन्मण्याचा वेग १००० ते ८०० कोटी वर्षांपूर्वी सर्वाधिक होता. आज तो साधारण दहाव्या हिश्शावर आला आहे. का बरं?

याचं उत्तर शोधायला पुणे जिल्ह्यातल्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण कामी आली. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. ती उभारणारे गोविंद स्वरूप तरुणपणी दिल्लीच्याच राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत काम करत होते.

हायड्रोजनचे अणू २१ सेंटीमीटर लांबीची रेडिओ लहर सोडतात. विश्व प्रसरण पावत असल्याने दूरवरून येताना ती ताणली जाते आणि फार क्षीण होते. इतकी, की एकेका दीर्घिकेचा संकेत वेगळा सहसा सापडत नाही. म्हणून आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि सहकाऱ्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र मिळवले. २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ८०० कोटी वर्षांपूर्वी या दीर्घिकांत हायड्रोजन भरपूर होता, पण तारे घडवण्यात तो इतक्या झपाट्याने खर्च होत होता की जेमतेम १०० ते २०० कोटी वर्षं पुरला असता.

म्हणजे घरात धान्य होतं, पण खाणारी तोंडं फार. बाहेरून नवा वायू तेवढ्या वेगाने येईना, तसे नवे तारेही कमी झाले. आज आपल्या आकाशगंगेत वर्षाला एक-दोन सूर्यांइतक्या वस्तुमानाचेच तारे घडतात.

आता दीर्घिकेचं रंगीत छायाचित्र पाहाल तेव्हा रंगांकडे लक्ष द्या. निळसर भागात तरुण तारे असतात. सगळी दीर्घिका पिवळट-तांबूस दिसली, तर तिथला वायू बहुधा सरत आला आहे.