सामाईक भिंतीतली चोरवाट

इन्सुलेशन उष्णता अडवते ते आत कोंडलेल्या स्तब्ध हवेच्या जोरावर. काचलोकर असो वा फोम, खरे काम कोंडलेल्या हवेचे किंवा वायूचेच. आकडेमोडीत ही हवा जागची हलत नाही असे धरलेले असते. बांधकामात मात्र ती हलते, आणि थंड प्रदेशातले घर हिशेबापेक्षा जास्त उष्णता गमावते.

नेहमीची कारणे सर्वांना ठाऊक आहेत: लाकडी किंवा पोलादी आधारांतून वाहणारी उष्णता, ओल, वायरिंगसाठी कापून तशीच सोडलेली लोकर, भिंतीला न टेकलेले फोमचे तक्ते. शेवटचा दोष दिसायला किरकोळ, पण गोधडी अंगापासून चार बोटे वर धरली तर तिची ऊब ती कितीशी!

याहून मोठी आणि अभ्यासकाला भुरळ घालणारी गळती नकाशात दिसतच नाही. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ट्विन रिव्हर्स वसाहतीत प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी १९७०च्या दशकात एकमेकांना चिकटलेली टाउनहाउसेस तपासली. इन्सुलेशन जागेवर असूनही माळे हिवाळ्यात अपेक्षेपेक्षा उबदार निघाले. घरातली गरम हवा इन्सुलेशनला वळसा घालून, धुराड्याभोवतीच्या फटींतून आणि सामाईक भिंतीच्या पोकळ ठोकळ्यांतून थेट वर जात होती. लोकरीचा थर कितीही जाड केला तरी ही वाट बंद होणार नव्हती.

हाच धडा इंग्लंडला तीसेक वर्षांनी पुन्हा शिकावा लागला. मँचेस्टरजवळ ऑल्ट्रिंगहॅम इथल्या स्टॅमफर्ड ब्रुक या नव्या वसाहतीत लीड्सच्या संशोधकांनी रिकाम्या घरांची चाचणी घेतली. दारे-खिडक्या बंद, आत विजेचे हीटर आणि पंखे, तापमान दिवसेंदिवस २५ अंशांच्या आसपास स्थिर. तेवढ्यासाठी लागलेली वीज मोजायची, उन्हाचा वाटा हिशेबात धरायचा आणि बाहेरच्या थंडीशी ताळा घालायचा. घरे ठरल्यापेक्षा बरीच जास्त उष्णता गमावत होती. संशय गेला तो दोन घरांमधल्या दुहेरी भिंतीवर. दोन्ही बाजूंना उबदार घरे, म्हणून तिच्यातून होणारी गळती नियमांत शून्य धरलेली. तर्क बिनतोड, पण मधली पोकळी वरच्या थंड माळ्याकडे आणि कडांना बाहेर उघडी होती. दोन्ही घरांनी तापवलेली हवा त्या पोकळीतून धुराड्यासारखी वर चढे आणि तिच्या जागी बाहेरची थंड हवा येई.

२०१०च्या इंग्लिश नियमांनी ते शून्य काढून टाकले. पोकळी उघडी असेल तर यू-व्हॅल्यू (भिंतीतून उष्णता किती सहज निसटते त्याचे माप) ०.५ धरायची, कडा बंद केल्या तर ०.२, पोकळी पूर्ण भरून कडाही बंद केल्या तरच शून्य. उपाय साधा होता, फक्त तो सुचायला आधी मोजमाप हवे होते.

गफलत उलट्या दिशेनेही होते. ब्रिटनमधल्या जुन्या भरीव विटांच्या भिंतींची यू-व्हॅल्यू वर्षानुवर्षे २.१ धरली जाई. प्रत्यक्ष मोजमापे त्याच्या बरीच खाली आली. भिंत मुळातच बरी असेल तर तिच्यावर इन्सुलेशन चढवून अपेक्षित बचत हाती लागणार कशी? माणसांच्या सवयींनीही हिशेब चुकतो. जर्मन घरांच्या पाहणीत, २०१२मध्ये, इंधनाचा प्रत्यक्ष वापर हिशेबाच्या सरासरी ३० टक्क्यांनी कमी आढळला: घर थंड आणि इंधन महाग, तेव्हा माणसे मोजक्याच खोल्या तापवत. जे जळतच नव्हते त्याची बचत दाखवणारे तक्ते मात्र छापले जात होते. ब्रिटनने भिंतींचा तो गृहीत आकडा पुढे २.१वरून १.७वर आणला.