माडाच्या पेशी : कोठे असतात व कोठे जन्मतात

थळ व आसपासच्या किनाऱ्यावरील वाड्यांत माड, पोफळ आणि आंबा ही झाडे शेजारी शेजारी वाढतात. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले व या वाड्यांची फार मोठी हानी झाली. अशा वादळात फांद्या मोडलेल्या आंब्याला पुन्हा पालवी फुटू शकते. शेंडा मोडलेला माड मात्र कायमचा जातो. या भेदाचे कारण झाडातील पेशींत सापडते.

सर्व सजीवांची शरीरे पेशींची बनलेली असतात. १६६५ साली रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्याला मधाच्या पोळ्यासारखे कप्पे दिसले. माडाचे मूळ, खोड, झावळी, फुलोरा व फळ या सर्वांत पेशीच आहेत. काथ्याचे तंतू व करवंटी म्हणजे मृत पेशींच्या जाड भिंती होत. कोवळ्या शहाळ्यात तर पेशी तयार होताना पाहावयास मिळतात. प्रथम त्यातील पाण्यात पेशींची केंद्रके मोकळी तरंगत असतात; पुढे करवंटीच्या आतील बाजूपासून त्यांच्याभोवती भिंती बनू लागतात. हीच मलई होय. तीच पुढे घट्ट होऊन तिचे खोबरे होते.

पेशी सर्वत्र असल्या तरी नव्या पेशी सर्वत्र जन्मत नाहीत. आंब्याच्या सालीखाली सतत विभागणाऱ्या पेशींचा एक पातळ थर असतो. त्यामुळे आंब्याची जखम भरून येते व कलमही सांधते. माडाच्या खोडात असा थर नाही. म्हणून माडाचे कलम होत नाही व खोडावरील खाच आयुष्यभर तशीच राहते. नवी झावळी व नवा फुलोरा यांचा उगम शेंड्यात दडलेल्या एकाच कोंबात होतो. तो कोंब नष्ट झाला की माड मेला.

यास्तव बागाईतदारांनी पुढील दक्षता घ्यावी :

१. माडावर चढण्यासाठी खोडास खाचा पाडू नयेत. शिडी अथवा चढण्याचे यंत्र वापरावे.

२. झावळी कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी दिसल्यास तो गेंड्या भुंग्याचा उपद्रव समजावा. भुंगा तारेच्या आकड्याने बाहेर काढून मारावा. शेणखताचे खड्डे वरचेवर उकरून त्यातील अळ्यांचा नाश करावा.

३. पावसाळ्यात कोंब कुजण्याचा रोग बळावतो. म्हणून पावसापूर्वी शेंड्यावर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. मधली झावळी कोमेजून ओढताच हाती आली व दुर्गंधी सुटली, तर कुजलेला भाग त्वरित काढून तेथे बोर्डो मलम लावावे. विलंब केल्यास माड वाचत नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय वाडीतच समजावून द्यावा. एखाद्या जुन्या माडावरील खाच आणि शेजारच्या आंब्याची भरून आलेली जखम एकत्र दाखवावी. पेशी डोळ्यांना दिसत नसल्या तरी त्यांचे कार्य तेथे स्पष्ट दिसते. माडास कोंब एकच आहे, एवढे ध्यानी राहिले, तरी पुष्कळ माड वाचतील.